‘आगमन’, ‘उल्लंघन’ आणि ‘समान रीती’ : अमेरिकेतील परराज्यीय वाइनच्या थेट खरेदीसंबंधीचा अर्थनिर्णय

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचा रहिवासी असलेला एखादा गृहस्थ व्हर्जिनिया राज्यात प्रवासास गेला, तेथील एका लहानशा द्राक्षमळ्यातील वाइन त्यास आवडली, आणि घरी परतल्यावर त्याने मळ्याच्या मालकास पत्र पाठवून त्याच वाइनची एक पेटी मागविली, अशी कल्पना करावी. हा व्यवहार वरवर पाहता अत्यंत साधा आहे. तथापि २००५ सालापूर्वी ही पेटी त्याच्या घरी पाठविणे हा न्यूयॉर्कच्या कायद्याचा भंग ठरला असता. तीच पेटी त्याने न्यूयॉर्कमधीलच एखाद्या वाइन-उत्पादकाकडून मागविली असती, तर मात्र कोणाचीच हरकत नव्हती. माल एकाच जातीचा, ग्राहक तोच, वाहतुकीची रीतही तीच. केवळ द्राक्षाचा रस कोणत्या राज्यात आंबविला गेला एवढ्यावर व्यवहाराची वैधता अवलंबून होती.

हा भेद घटनेस धरून आहे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता वाणिज्यविधीच्या अभ्यासकाचा आहे. परंतु त्याचा इतिहास बारकाईने पाहिला असता असे आढळून येते की, एकशेवीसहून अधिक वर्षे चाललेला हा वाद वस्तुतः तीन-चार शब्दप्रयोगांच्या अर्थाभोवती फिरत राहिला आहे. ‘आगमन’ केव्हा पूर्ण होते? ‘समान रीतीने’ ही तुलना कोणास बंधनकारक होते? ‘कायद्यांचे उल्लंघन’ असे म्हणताना ‘कायदा’ या पदात कोणकोणते कायदे गृहीत धरावयाचे? या प्रश्नांच्या उत्तरांवर शेकडो लहान उत्पादकांची उपजीविका आणि राज्यांच्या अधिकाराची मर्यादा अवलंबून होती. अर्थविचाराच्या अभ्यासकास हे उदाहरण म्हणूनच उद्बोधक वाटावे.

१. मौनाचा अर्थ

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या विभागात राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे संघीय विधिमंडळाला, दिलेला आहे. राज्यांनी परस्परांच्या मालाविरुद्ध भेदभाव करू नये, असे त्या कलमात स्पष्ट शब्दांत कोठेही म्हटलेले नाही. तरीही अधिकार एकास दिला याचाच अर्थ तो इतरांनी विपरीत रीतीने वापरावयाचा नाही, असे अनुमान न्यायालयांनी काढले. हे अनुमान ‘सुप्त वाणिज्य कलम’ या नावाने ओळखले जाते. उच्चारलेल्या वाक्यावरून न उच्चारलेला निषेध सिद्ध करण्याचा हा प्रकार आहे. आपल्याकडील मीमांसकांस तो अपरिचित वाटला नसता. काँग्रेस जेथे मौन पाळते तेथे व्यापार मुक्त असावा अशीच तिची इच्छा समजावी, असा या सिद्धान्ताचा मथितार्थ आहे.

या सिद्धान्ताची पहिली मोठी कसोटी मद्याच्या बाबतीतच लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयोवासारख्या काही राज्यांनी आपल्या हद्दीत दारूबंदी जारी केली होती. शेजारच्या इलिनॉय राज्यात मात्र बिअरचे मोठमोठे कारखाने चालू होते. पिओरिया येथील एका कारखानदाराने आपली बिअर आयोवातील किओकक या गावी सीलबंद पिंपांतून व पेट्यांतून विकावयास पाठविली असता ती जप्त करण्यात आली. ‘लीसी विरुद्ध हार्डिन’ या १८९० सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, परराज्यातून आलेला माल मूळ वेष्टनात असेतोवर तो आंतरराज्यीय व्यापाराचाच भाग होय, आणि त्या अवस्थेतील त्याच्या विक्रीस राज्य प्रतिबंध करू शकत नाही. याचा परिणाम विलक्षण झाला. दारूबंदी असलेल्या राज्यात स्थानिक मद्य विकणे हा गुन्हा, पण परराज्यातील मद्य मूळ पेटीतून विकणे हा हक्क, अशी विपरीत स्थिती उत्पन्न झाली.

२. ‘आगमन’ म्हणजे कोठवर?

ही विसंगती दूर करण्यासाठी काँग्रेसने त्याच वर्षी, ऑगस्ट १८९० मध्ये, विल्सन कायदा संमत केला. राज्यात वाहून आणलेले मद्य तेथे ‘आगमन झाल्यावर’ त्या राज्याच्या कायद्यांच्या अधीन होईल, आणि ते मद्य त्याच राज्यात निर्माण झाले असते तर ज्या मर्यादेपर्यंत व ज्या रीतीने ते अधीन झाले असते, त्याच मर्यादेपर्यंत व त्याच रीतीने होईल, असा त्या कायद्याचा आशय होता. यातील दोन पदसमूह पुढील सर्व इतिहासास कारणीभूत झाले आहेत. त्यांपैकी ‘आगमन’ हे पहिले होय.

‘येणे’ किंवा ‘पोहोचणे’ या क्रियापदांचा विशेष हा की, त्यांच्या अर्थात एक अंतिम बिंदू अनुस्यूत असतो; परंतु तो बिंदू कोणता, हे क्रियापद स्वतः सांगत नाही. ‘पाहुणे पुण्यास आले’ या वाक्याचा अर्थ गाडी स्थानकात शिरली असा होऊ शकतो, किंवा पाहुणे यजमानाच्या उंबऱ्याशी आले असाही होऊ शकतो. नित्याच्या बोलण्यात ही संदिग्धता कोणास खटकत नाही, कारण प्रसंगानुसार श्रोता ती आपोआप सोडवितो. कायद्याच्या वाक्यात मात्र या दोन बिंदूंमधील अंतर हेच गुन्हा आणि निर्दोषता यांमधील अंतर ठरू शकते.

‘ऱ्होड्स विरुद्ध आयोवा’ या १८९८ सालच्या खटल्यात नेमके हेच घडले. इलिनॉय राज्यातून रेल्वेने आलेली मद्याची पेटी आयोवातील स्थानकाच्या एका कर्मचाऱ्याने फलाटावरून मालाच्या गोदामात हलविली, एवढ्यावरून त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला. आयोवा राज्याचे म्हणणे असे की, राज्याची सीमा ओलांडताच आगमन पूर्ण झाले. न्यायालयाने ते मान्य केले नाही. ज्याच्या नावे माल पाठविला त्याच्या हाती तो पडेतोवर आगमन झाले असे म्हणता येत नाही, असा अर्थ न्यायालयाने बहुमताने लावला. त्याच वर्षी ‘व्हान्स विरुद्ध व्हॅंडरकुक’ या खटल्यात, दक्षिण कॅरोलिनातील रहिवाशास स्वतःच्या उपयोगापुरते मद्य परराज्यातून मागविण्याचा अधिकार आहे, असेही प्रतिपादन करण्यात आले. तेथे कॅलिफोर्नियातील एका वाइन-व्यापाऱ्याने पाठविलेल्या मालाचा प्रश्न होता. म्हणजे ग्राहकाने दूरच्या उत्पादकाकडून थेट वाइन मागविण्याचा प्रश्न आधुनिक दळणवळणाने निर्माण केलेला नसून, तो रेल्वेच्या काळापासून चालत आलेला आहे.

या दोन निर्णयांमुळे दारूबंदीच्या राज्यांत टपालाने मागणी नोंदवून रेल्वेने मद्य मागविण्याचा धंदा फोफावला. ‘आगमन’ या एका शब्दाचा अर्थ सीमेवरून दारापर्यंत सरकताच कायद्यात एक भलेमोठे खिंडार पडले.

३. खिंडार बुजविण्याचा प्रयत्न

ते बुजविण्यासाठी काँग्रेसने १९१३ साली वेब–केनियन कायदा केला. राज्याच्या ‘कोणत्याही कायद्याचे उल्लंघन करून’ त्या राज्यात स्वीकारण्याकरिता, बाळगण्याकरिता, विकण्याकरिता अथवा वापरण्याकरिता मद्य पाठविण्यास या कायद्याने मनाई केली. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी तो घटनाबाह्य मानून नाकारला, परंतु काँग्रेसने त्यांचा नकार बाजूस सारून तो संमत केला. पुढे १९१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो वैध ठरविला. ‘आगमन’ हा अडचणीचा शब्द या कायद्यात टाळला असून त्याऐवजी ‘उल्लंघन’ या कल्पनेवर भर दिला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अर्थाचा वाद मिटविण्यासाठी शब्द बदलावा, तर तो वाद नव्या शब्दामागे उभा राहतो, याचा प्रत्यय पुढे येणारच होता.

दरम्यान १९१९ साली अठरावी घटनादुरुस्ती संमत होऊन जानेवारी १९२० पासून सर्व देशात मद्यबंदी सुरू झाली. ती तेरा वर्षांहून अधिक काळ टिकली. ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने अठरावी दुरुस्ती रद्द केली. त्याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात, कोणत्याही राज्यात तेथे पोचविण्याकरिता अथवा वापरण्याकरिता मद्याची वाहतूक किंवा आयात, त्या राज्याच्या कायद्यांचे उल्लंघन करून, करण्यास मनाई केलेली आहे. १९१३ सालच्या कायद्याची शब्दयोजना बऱ्याच अंशी घटनेतच अशा रीतीने समाविष्ट झाली.

मद्यबंदी उठल्यावर बहुतेक राज्यांनी मद्यव्यापाराची त्रिस्तरीय रचना उभारली. उत्पादकाने घाऊक व्यापाऱ्यास विकावे, घाऊक व्यापाऱ्याने किरकोळ दुकानदारास, आणि दुकानदाराने ग्राहकास. काही राज्यांनी तर घाऊक व्यापार स्वतःच्याच हाती घेतला. या रचनेमागे सबळ कारण होते. मद्यबंदीपूर्वीच्या काळात अनेक गुत्ते एकेका मोठ्या कारखानदारास बांधलेले असत; कारखानदार गुत्तेवाल्यास भांडवल पुरवी आणि त्याच्या मोबदल्यात आपलाच माल अधिकाधिक खपविण्यास भाग पाडी. उत्पादक आणि किरकोळ विक्रेता यांच्यामध्ये तिसरा, स्वतंत्र व्यापारी उभा केल्यास हा दबाव नाहीसा होईल आणि करही एकाच ठिकाणी वसूल करता येईल, असा विचार त्यामागे होता.

४. ‘उल्लंघन’ : दोन वाचने

एकविसाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाचे व्याकरण सरळ आहे. ‘वाहतूक किंवा आयात’ हा मुख्य पदसमूह. ‘राज्याच्या कायद्यांचे उल्लंघन करून’ हे त्याचे मर्यादक. आणि ‘मनाई आहे’ हे विधेय. तरीही त्याची दोन भिन्न वाचने संभवतात.

पहिल्या वाचनानुसार ‘राज्याचे कायदे’ म्हणजे राज्याने केलेला कोणताही कायदा. राज्याने परराज्यातील मद्यास बंदी केली, मग ती न्याय्य असो वा पक्षपाती, की तिचे उल्लंघन करणारी आयात घटनेनेच निषिद्ध ठरते. १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या एका परवाना-शुल्कासंबंधीच्या खटल्यात न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी हेच वाचन स्वीकारले. तेथे बिअर आयात करण्यासाठी ५०० डॉलरचे शुल्क आकारले जात होते. राज्यास आयात पूर्णपणे बंद करता येते, तर शुल्क घेऊन ती चालू देता येणार नाही असे म्हणणे म्हणजे दुरुस्तीचा अर्थ लावणे नसून तीच नव्याने लिहिणे होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

दुसरे वाचन असे : एखाद्या गोष्टीने कायद्याचे ‘उल्लंघन’ झाले असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा तो कायदा वैध आहे हे आपण आधीच गृहीत धरलेले असते. अवैध नियम मोडला म्हणून कोणी कायद्याचे उल्लंघन केले, असे होत नाही. म्हणून या कलमातील ‘कायदे’ हे पद राज्याने अन्यथा वैधपणे केलेल्या कायद्यांचेच वाचक आहे. हे कलम अशा कायद्यांस सीमेपलीकडून येणाऱ्या मालापर्यंत बळ देते, परंतु पक्षपाती कायद्यास वैधता बहाल करीत नाही. अर्थविचाराच्या परिभाषेत बोलावयाचे झाल्यास, हा वाद वाक्याने प्रतिपादिलेल्या अर्थाचा नसून वाक्याने गृहीत धरलेल्या अर्थाचा, म्हणजे पूर्वगृहीताचा आहे. पूर्वगृहीत शब्दांत दिसत नाही, आणि म्हणूनच त्यासंबंधी दोन विद्वान प्रामाणिकपणे भिन्न मते बाळगू शकतात.

१९६० नंतर न्यायालय हळूहळू दुसऱ्या वाचनाकडे झुकू लागले. १९७६ साली ओक्लाहोमा राज्याने हलकी बिअर विकत घेण्यासाठी पुरुषांस एकवीस आणि स्त्रियांस अठरा अशी भिन्न वयोमर्यादा ठेवली होती, ती न्यायालयाने रद्द ठरविली. मद्यासंबंधीचा कायदा म्हणून समतेच्या तत्त्वातून सूट मिळत नाही. १९८४ साली हवाई राज्याचा प्रश्न आला. तेथे मद्यावर २० टक्के अबकारी कर होता, परंतु ‘ओकोलेहाओ’ हे तेथील एका वनस्पतीच्या मुळापासून काढलेले मद्य आणि फळांपासून केलेली स्थानिक वाइन यांस त्या करातून वगळले होते. केवळ स्थानिक उद्योगास आश्रय देण्यासाठी केलेला भेदभाव एकविसाव्या दुरुस्तीच्या छत्राखाली येत नाही, असे न्यायालयाने बहुमताने सांगितले.

५. २००५ सालचा निर्णय

या पार्श्वभूमीवर वाइनच्या थेट खरेदीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याची कारणे आर्थिक होती. २००५ च्या सुमारास अमेरिकेतील वाइन-उत्पादकांची संख्या ३,००० च्या वर गेली होती, म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या तिपटीहून अधिक झाली होती. याउलट परवानाधारक घाऊक व्यापाऱ्यांची संख्या १९८४ मधील १,६०० वरून २००२ मध्ये ६०० पर्यंत घसरली. वर्षाकाठी थोड्याच पेट्या तयार करणाऱ्या उत्पादकाचा माल ठेवण्यात मोठ्या घाऊक व्यापाऱ्यास स्वारस्य नसे. आणि घाऊक व्यापारी मिळाल्यावाचून परराज्यातील बाजारपेठ मिळत नसे. ज्या मधल्या स्तराने ग्राहकाचे रक्षण करावयाचे, तोच लहान उत्पादकाच्या दृष्टीने बंद दरवाजा बनला.

राज्यांची धोरणेही परस्परविसंगत होती. कॅलिफोर्नियाने १९८६ साली ‘तुम्ही आमचा माल येऊ द्याल तर आम्ही तुमचा येऊ देऊ’ अशा परस्परतेच्या तत्त्वावर कायदा केला आणि त्याचे अनुकरण इतर काही राज्यांनी केले. २००५ पर्यंत २६ राज्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपात थेट पाठवणीस मुभा देत होती. त्यांपैकी १३ राज्यांत परस्परतेची अट होती. म्हणजे राज्याराज्यांमध्ये तहनामे व्हावेत आणि तहाबाहेरच्यांवर बहिष्कार पडावा, असा प्रकार चालला होता.

‘ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात मिशिगन आणि न्यूयॉर्क या दोन राज्यांचे कायदे एकत्र विचारात घेतले गेले. मिशिगनमध्ये राज्यातील उत्पादक परवाना काढून ग्राहकास थेट वाइन पाठवू शकत असे; परराज्यातील उत्पादकास मात्र घाऊक व्यापाऱ्याच्या मार्फतच जावे लागे. न्यूयॉर्कचा कायदा वरवर अधिक उदार होता. परराज्यातील उत्पादकासही थेट पाठवणीचा परवाना मिळू शकत होता. अट एवढीच की त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःची शाखा आणि गोदाम उघडावे. व्हर्जिनियातील किंवा कॅलिफोर्नियातील एखाद्या कौटुंबिक वाइनरीस ही अट पाळणे म्हणजे परवाना नाकारण्यासारखेच होते.

१६ मे २००५ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने दोन्ही राज्यांचे कायदे रद्द ठरविले. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिला. त्याचा गाभा अर्थनिर्णयाच्या पद्धतीत आहे. वेब–केनियन कायद्यातील ‘कोणताही कायदा’ हे शब्द एकटे घेतल्यास पक्षपाती कायद्यांसही सामावून घेतात, ही शक्यता बहुमताने नाकारली नाही. परंतु हा कायदा विल्सन कायद्यास रद्द करण्यासाठी झालेला नसून, ‘आगमन’ या शब्दाच्या अर्थामुळे पडलेले खिंडार बुजविण्यासाठी झाला होता. विल्सन कायद्यातील ‘त्याच मर्यादेपर्यंत व त्याच रीतीने’ हे शब्द अबाधित राहिले आहेत. आणि त्यांचा अर्थ परराज्यातील मद्यास स्थानिक मद्याप्रमाणेच वागवावे असा आहे. एकविसाव्या दुरुस्तीने या दोन्ही कायद्यांची व्यवस्थाच घटनेत आणली. म्हणून राज्यास मद्यावर पूर्ण बंदी घालता येईल, स्वतःचा एकाधिकार स्थापता येईल, त्रिस्तरीय रचनाही राखता येईल. परंतु आपल्या उत्पादकास एक वाट आणि परक्यास दुसरी, असे करता येणार नाही.

विरुद्ध मत देणाऱ्यांचे युक्तिवादही दुर्लक्षणीय नाहीत. न्यायमूर्ती थॉमस यांच्या मते ‘कोणताही’ या शब्दाचा अर्थ कोणताही एवढाच होतो. शब्द स्पष्ट असताना त्यामागील हेतू शोधून अर्थ संकुचित करणे न्यायालयाचे काम नव्हे. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा मार्ग वेगळा होता. १९२० साली जन्मलेल्या स्टीव्हन्स यांना मद्यबंदीच्या काळाची प्रत्यक्ष आठवण होती. मद्य ही इतर वस्तूंसारखी वस्तू नव्हे अशी ज्या पिढीची दृढ धारणा होती, तिने केलेली दुरुस्ती व्यापक आणि बोलीतील सहज अर्थानेच वाचली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच निष्कर्षाप्रत येणारे हे दोन न्यायमूर्ती भाषेकडे दोन भिन्न दृष्टींनी पाहतात : एकाचा आधार शब्दाचा कोशगत विस्तार, तर दुसऱ्याचा आधार तो शब्द वापरणाऱ्या समाजाची समजूत. बहुमताने तिसरा आधार घेतला : संहितांची परंपरा, ज्यात नंतरचे वाक्य आधीच्या वाक्याची पुरवणी म्हणून वाचावयाचे असते.

राज्यांनी दोन व्यावहारिक मुद्दे पुढे केले होते. टपालाने मद्य मिळू लागल्यास ते अल्पवयीनांच्या हाती जाईल, आणि कर बुडेल. न्यायालयाने विचारले की, हे धोके परराज्यातील उत्पादकाकडूनच संभवतात काय? राज्यातील उत्पादकाने पाठविलेली पेटी अल्पवयीनाच्या हाती पडत नाही, आणि शेजारच्या राज्यातील पडते, असे समजण्यास आधार कोणता? थेट पाठवणीस मुभा देणाऱ्या राज्यांत अल्पवयीनांसंबंधी विशेष अडचण आढळली नाही, असे संघीय व्यापार आयोगाच्या २००३ सालच्या अहवालातही नमूद होते.

६. निर्णयानंतर

समानता दोन प्रकारे साधता येते : सर्वांस मुभा देऊन किंवा सर्वांस बंदी करून. निर्णयानंतर न्यूयॉर्क आणि मिशिगन यांनी पहिला मार्ग पत्करला, आणि कालांतराने बहुसंख्य राज्ये त्याच मार्गाने गेली. आजची सर्वसाधारण व्यवस्था अशी आहे. उत्पादकाने, ज्या राज्यातील ग्राहकास माल पाठवावयाचा त्या राज्याचा थेट पाठवणीचा परवाना काढावयाचा. तेथील अबकारी व विक्रीकर भरावयाचा आणि ठरावीक मुदतीने हिशेब सादर करावयाचा. पेटीवर आत मद्य असल्याची व प्रौढ व्यक्तीच्या सहीची आवश्यकता असल्याची सूचना छापलेली असते. अमेरिकेचे सरकारी टपालखाते मद्य स्वीकारीत नाही. त्यामुळे ही वाहतूक खासगी कंपन्यांकडूनच होते. अनेक राज्यांनी प्रमाणाची मर्यादाही घातली आहे. न्यूयॉर्कमध्ये ती दर ग्राहकामागे वर्षास ३६ पेट्या, प्रत्येकी फार तर नऊ लिटरची, अशी ठेवण्यात आली. पेटी दारी नेणाऱ्याने एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीची सही घेतल्यावाचून ती सोडावयाची नसते. ‘आगमन’ उंबऱ्याशी पूर्ण होते, हा १८९८ सालचा अर्थ निराळ्या स्वरूपात येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

परंतु भेदभाव शब्दांतून हद्दपार झाला म्हणजे व्यवहारातूनही जातो असे नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००६ साली असा नियम केला की, वर्षास ३०,००० गॅलन, म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार लिटर, किंवा त्याहून कमी द्राक्ष-वाइन तयार करणाऱ्या ‘लहान’ उत्पादकांस घाऊक व्यापारी आणि थेट पाठवणी हे दोन्ही मार्ग खुले राहतील. मोठ्यांस मात्र दोहोंपैकी एकच निवडावा लागेल. नियमात कोणत्याही राज्याचे नाव नव्हते. पण मॅसॅच्युसेट्समधील सर्व उत्पादक या मर्यादेच्या आत होते, आणि देशातील बहुतांश वाइन तयार करणारे परराज्यीय उत्पादक तिच्या बाहेर. २०१० साली संघीय अपील न्यायालयाने हा नियम परिणामतः पक्षपाती म्हणून रद्द ठरविला. वाक्याचा वाच्यार्थ निष्पक्ष असूनही त्याचा प्रयोग पक्षपाती असू शकतो, हे येथे न्यायालयाने मान्य केले. याउलट २००८ साली इंडियाना राज्याचा, ग्राहकाने एकदा तरी समक्ष येऊन वयाचा पुरावा दाखवावा, हा नियम दुसऱ्या अपील न्यायालयाने कायम ठेवला. दूरच्या उत्पादकास तो अधिक जाचक असला तरी अल्पवयीनांच्या रक्षणाशी त्याचा संबंध आहे, असे तेथे मानले गेले.

आणखी एक प्रश्न खुद्द २००५ सालच्या निर्णयपत्राच्या शब्दांतून निघाला. त्या निर्णयात वारंवार ‘उत्पादक’ आणि ‘उत्पादने’ असे शब्द आले आहेत. मग परराज्यातील किरकोळ दुकानदारास हे संरक्षण मिळते काय? २००९ साली न्यूयॉर्कसंबंधीच्या एका खटल्यात अपील न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. संहितेचा अर्थ लावणारे निर्णयपत्र स्वतःच संहिता बनते, आणि त्यातील शब्दांचा पुन्हा काथ्याकूट सुरू होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. २६ जून २०१९ रोजी टेनेसी राज्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी, दुकानाच्या परवान्यासाठी राज्यात दोन वर्षे वास्तव्य हवे, ही अट रद्द ठरविली, आणि भेदभावाविरुद्धचे तत्त्व केवळ उत्पादक व उत्पादने यांपुरते मर्यादित नाही असे स्पष्ट केले. तथापि परराज्यातील दुकानदाराने ग्राहकास थेट माल पाठविण्याचा प्रश्न त्याने निकालात निघाला नाही; २०२० साली मिशिगनचा त्यासंबंधीचा निर्बंध अपील न्यायालयाने त्रिस्तरीय रचनेचा अविभाज्य भाग म्हणून मान्य केला.

७. एक भारतीय समांतर उदाहरण

भारतीय वाचकास हा वाद सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही. भारतीय संविधानाच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभरातील व्यापार मुक्त ठेवला आहे, आणि ३०४ व्या अनुच्छेदानुसार परराज्यातील मालावर स्थानिक मालाहून भिन्न कर लादता येत नाही. अमेरिकन घटना ज्याबाबत मौन पाळते, ते भारतीय संविधानाने शब्दांत मांडले आहे. असे असूनही शब्दार्थाचा प्रश्न सुटला नाही. परराज्यातून येणाऱ्या मद्यावर राज्याने बसवावयाच्या शुल्कास सातव्या अनुसूचीत ‘काउंटरव्हेलिंग’ असे विशेषण आहे. म्हणजे समोरच्या पारड्यातील भाराचा समतोल साधणारे. १९६५ साली ‘कल्याणी स्टोअर्स विरुद्ध ओरिसा राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असा प्रश्न आला की, त्या जातीचे मद्य ओरिसात तयारच होत नसेल, तर आयात मद्यावरील शुल्क कशाचा समतोल साधते? समोरचे पारडे रिकामे असताना समतोलाची भाषा निरर्थक होते, या विचाराने न्यायालयाने ते वाढीव शुल्क अवैध ठरविले. पुढे २०१६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने अनुच्छेद ३०१ आणि कर यांचा संबंध नव्याने आखला, आणि भेदभाव करणारा कर तेवढाच निषिद्ध होय असा निर्वाळा दिला. तेथेही अखेरची कसोटी ‘समान रीती’ हीच राहिली.

उपसंहार

या इतिहासावरून विधीच्या भाषेसंबंधी काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, संदिग्धता सदैव क्लिष्ट शब्दांतच असते असे नाही. ‘येणे’, ‘कोणताही’, ‘तसाच’ यांसारखे नित्य वापरातील शब्दच अधिक अवघड ठरतात, कारण त्यांचा अर्थ आपणांस ठाऊक आहे अशी सर्वांची खात्री असते. दुसरी ही की, वाक्यात जे सांगितले त्याहून जे गृहीत धरले त्यावर तंटे अधिक होतात. आणि तिसरी ही की, अर्थनिर्णयाची कोणतीही पद्धती, मग ती कोशगत अर्थाची असो, समाजाच्या समजुतीची असो अथवा संहितापरंपरेची असो, आपण होऊन सिद्ध होत नाही. ती निवडावी लागते, आणि त्या निवडीचे परिणाम कोणास तरी भोगावे लागतात.

२००५ साली एका मताच्या फरकाने एक पद्धती निवडली गेली. ते एक मत दुसऱ्या बाजूस पडते, तर व्हर्जिनियातील मळेवाल्याने भरलेली पेटी न्यूयॉर्कच्या सीमेवरच अडली असती, आणि १९३३ सालच्या त्याच वाक्याचा अर्थ आज विधिमहाविद्यालयांत नेमका उलट शिकविला गेला असता. वाक्यातील एक अक्षरही त्यासाठी बदलावे लागले नसते.